लाल चित्र

वेल्डर तसा जीव लावणारा माणूस, पण डोकं फिरलं की तोंडाआधी हात चालायचा. गल्लीत त्याचा मार न खाल्लेला गडी शोधूनच काढावा लागेल. त्याची तरणीताठी लेक ठकी डाऊन सिंड्रोमची. तिला बेकरीत पाव भरायचं काम मिळालं, तेव्हा शाळेतल्या बाईंनी फोनमध्ये अख्खा रस्ता बसवून दिला. वळणावळणाचा फोटो, दाबला की बापाचा आवाज: "इथं डावीकडे वळ, शहाणे." घाबरली तर शेवटचं लाल चित्र दाबायचं. दाबून धरलं की आवाज वाजतच राहायचा.

"त्यात 'मदत माग' एवढंच म्हणा," बाईंनी बजावलं होतं. पण ऐकेल तर तो वेल्डर कसला! छाती फुगवून त्यानं आपल्या आवाजात भरलं, "कुणी हात लावला तर हाण! सोडू नकोस!" आपली लेक सांगितलेलं तंतोतंत करते, हे त्या गाढवाला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे.

ठकी रोज एकटी जाऊ लागली, ताठ मानेनं. मग एका सकाळी मागे सरकत येणारा ट्रक तिला दिसला नाही. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या घड्याळवाल्यानं दंड धरून तिला बाजूला खेचलं. ती घाबरली, तिनं लाल चित्र दाबून धरलं. बाप गरजला, "हाण!" तिनं स्टीलची बाटली म्हाताऱ्याच्या तोंडावर घातली. नाक फुटलं, तो कोसळला, तरी ती मारतच राहिली, कारण फोन थांबत नव्हता.

बेकरीवाल्याच्या हाकेसरशी वेल्डर धावत आला. लेकीच्या कपड्यांवर रक्त दिसलं आणि त्यानं काही न विचारता पडलेल्या म्हाताऱ्याच्या बरगडीत लाथ घातली.

"अरे मेल्या, त्यानं वाचवलंय तिला!" बेकरीवाला किंचाळला.

वेल्डरनं पाय मागे घेतला. त्यानं ठकीला मागून मिठीत धरलं. फोन ओरडतच होता. बाटली फिरली आणि त्याचे पुढचे दात तुटले.

"आवाज बदल," म्हाताऱ्याला दवाखान्यात पोचवून आल्यावर बेकरीवाला म्हणाला. "पुन्हा तिनं हात उचलला तर काम बंद. मग बसव तिला घरात."

संध्याकाळी सुजलेल्या ओठांनी वेल्डरनं नवं भरलं, आयुष्यात कधी बोलला नव्हता इतक्या हळू. "थांब. हात खाली. मदत माग."

ठकीनं ते ऐकलं. परत ऐकलं. मग फोन त्याच्या हातात दिला.

"हे बाबा नाहीत," ती म्हणाली. "बाबा हाण म्हणतात."