त्या वर्षी आवळीखाली चूल पेटली नाही

माझ्या वहिनीनं एकदा अख्ख्या गावातल्या बायकांना चूल पेटवू दिली नव्हती.

आज सकाळी ती गेली. नव्वदीला टेकली होती.

फोटो टाकावा तर एकच आहे, आधार कार्डावरचा. त्यात ती वहिनी कमी अन् पकडून आणलेली बाई जास्त दिसते. म्हणून फोटो नाही. आठवण सांगते.

परवाच नातीनं तिच्या सोसायटीचं पोस्टर पाठवलं. 'इको-फ्रेंडली आणि सेफ विंटर सेलिब्रेशन'. खाली नियमांची ही मोठी रांग.

मी म्हटलं, पोरी, माझ्या वहिनीनं हे पंचावन्न-छप्पन सालीच केलं. तेही पोस्टर न लावता.

आमचं गाव धानोऱ्याकडचं. जिल्हा तेव्हा चांदाच. घर तलावावर जगणारं. मासे, हिवाळ्यात शिंगाडे, आणि थोडं धान.

दिवाळी झाली की कार्तिकात जंगलात आवळीभोजन असायचं. तो बायकांचा दिवस. कोसभर आत आवळ्याची झाडं होती. पूजा करायची, प्रत्येक घरानं आपापली तीन दगडांची चूल मांडायची, तिथंच शिजवायचं आणि झाडाखाली जेवायचं.

पुरुष नाहीत, सासरे नाहीत. मोठ्यानं हसायची पूर्ण मुभा.

पलीकडच्या गावच्या बायकाही त्याच झाडांखाली यायच्या. ते गाव म्हणजे वहिनीचं माहेर.

एरवी सुनेला माहेरी जायचं तर घरात सगळ्यांना विचारावं लागे. आणि उत्तर ठरलेलं, "धान निघू दे, मंग पाहू." आवळीभोजनाला मात्र कुणी अडवत नसे. त्या दिवशी तिला तिची माय भेटायची.

आदल्या वर्षी कुणाची तरी चूल नीट विझली नव्हती. वाळलं गवत भडकलं. बायकांनी ओल्या फांद्यांनी झोडपून कशीबशी आग आवरली.

त्यामुळे या वर्षी जंगलाचा नाकेदार दोन्ही गावांत येऊन बजावून गेला. "या, पूजा करा. पन चूल मांडली तं मी सोडनार नाई."

त्याचं काही चुकलं नव्हतं. जंगल जळालं असतं तर आम्हीच कुठं गेलो असतो?

माझी माय, म्हणजे वहिनीची सासू, म्हणाली, "चूल नाई तं जेवण कायचं? आवळीची फांदी तोडून आनू, अंगणात रोवू, इथीच जेवू."

"घरून भाकरी बांधून नेल्या तं?" एकीनं विचारलं.

"घरच्या चुलीवरचं तिथी चालत नाई."

रिवाजच तसा होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. अंगण तर अंगण.

वहिनीच्या लग्नाला दुसरंच वर्ष होतं. पदर नाकापर्यंत. ती खाली मान घालून भांडी गोळा करायला लागली.

दुपारी तलावावर भांडी घासताना मी तिला पाहिलं.

"वयनी, काऊन रडून राह्यली?"

"धूर झोंबला."

तलावाच्या पाळीवर कुठला आलाय धूर! मी लहान होते, पण इतकी खुळी नव्हते.

"मायची आठवण येते?"

तिनं मानेनंच हो म्हटलं. मलाही रडू आलं.

पण संध्याकाळी तीच माझ्या मायपुढे जाऊन उभी राहिली.

"बाई, फांदी काऊन तोडाची? झाडाखालीच जाऊ. बिनआगीचं जेवण मी करतो."

"बिनआगीचं? आमी का बकऱ्या आहो?"

सगळ्या खो खो हसल्या. वहिनी हलली नाही.

शेवटी माय म्हणाली, "कर. उपाशी राह्यलो तं पाहून घेतो तुले."

पलीकडच्या गावालाही तसा निरोप गेला. आणि त्या दिवशी काय काय केलं होतं तिनं! कच्च्या दुधाच्या दह्यात कालवलेले पोहे, भिजवलेली चण्याची डाळ, मुळा, केळी, गूळ. टोपलंभर ओले शिंगाडे. तिथलेच पडलेले आवळे हिरवी मिरची अन् मीठ घालून दगडावर ठेचले. ती चव आजही जिभेवर आहे. पळसाच्या पानांवर वाढलं, आणि नंतर ती पानं आमच्या गाईंनी खाल्ली.

आणि एक गंमत झाली, जी कुणाच्या डोक्यातच नव्हती.

दरवर्षी जिची चूल तिची पंगत असायची. एकीचं दुसरीला चालायचं नाही. चुलीच नाहीत म्हटल्यावर वेगळं बसणार कशाला? दोन्ही गावच्या बायका एकाच रांगेत बसल्या.

फक्त वहिनीची माय बाजूला उभी राहिली.

"बसा नं विहीणबाई," माझी माय म्हणाली.

"नाई जी. नातू होयेपर्यंत लेकीच्या घरचं पानीबी नाई पेत आमी."

तेव्हा सगळीकडेच असं होतं. मागल्या वर्षीही ती माउली लेकीजवळ बसली होती, बोलली होती, पण तिच्या चुलीवरचा घास घेतला नव्हता.

आमची माय कडक बाई. उठली, तिचा हात धरला आणि म्हणाली,

"जे चुलीवर चढलंच नाई, ते कोनाच्या घरचं म्हनाचं? खा मुकाट्यानं."

वहिनीनं शिंगाडा सोलला आणि आपल्या मायला भरवला.

मग दुसरा. मग पोहे. ती माउली खात होती, डोळे पुसत होती, परत खात होती. वहिनी वाढतच राहिली. स्वतः जेवायची ती विसरूनच गेली.

पुढच्या पावसाळ्यात तिची माय तापानं गेली. नातू व्हायच्या आधीच.

लेक सासरी गेल्यावर तिच्या हातचं तिनं तेवढं एकदाच खाल्लं.

नंतर नाकेदार बदलला, नवा म्हणाला, जपून पेटवा. पण आमच्या गावानं आवळीखाली पुन्हा चूल मांडली नाही. वहिनीनं मांडूच दिली नाही.

म्हातारपणी ती पुष्कळ काही विसरली. माझं नावसुद्धा. पण हिवाळा लागला की हमखास सांगायची, "माय पोटभर जेवली होती त्या दिवशी."

वयनी, जा आता. रडत रडतच निरोप देते तुला.

माहेरी जायला आता कुणालाही विचारायचं नाही.