गयाबाई आणि अध्यक्षांची जलपर्णी

गयाबाई कुठलंही तण उपटण्याआधी त्याला शिवी द्यायच्या. "मुडद्या, कोनं बोलिवलं तुला?" म्हणत गाजरगवताची मान धरायच्या. घाणेरीला तर त्यांनी सवतीचं नातंच बहाल केलं होतं. जालन्यातल्या आमच्या कॉलेजच्या वनस्पती उद्यानात त्या रोजंदारीवर होत्या, मूळच्या केदारखेड्याच्या. मी वनस्पतिशास्त्राची विभागप्रमुख. लॅटिन नावं मला पाठ, पण कुठलं झाड बागेचं वाटोळं करणार, हे त्यांना आधी कळायचं.

एकदा संस्थेचे अध्यक्ष आपल्या शेतावरून बादलीभर जलपर्णी घेऊन आले. जांभळ्या फुलांवर त्यांचा जीव जडला होता. बागेतल्या तळ्यात ती सोडताना फोटो निघाले, मी टाळ्या वाजवल्या. जलपर्णी किती घातक, यावर मी दरवर्षी अख्खा तास घेते. त्या दिवशी तो तास मला आठवला नाही.

गयाबाई कानाशी पुटपुटल्या, "मॅडम, काढू का? आत्ता जल्दी निघंल."

"अहो, साहेबांनी दिलंय. राहू द्या."

पावसाळा सरेपर्यंत तळ्यात पाणी दिसेना. आमची पांढरी कमळं खाली कुजली, बेडूक गेले, डास सहकुटुंब राहायला आले. मी प्राचार्यांना अर्ज लिहायचे, प्राचार्य तो वर पाठवायचे.

"तुमी कागद लिहून राह्यल्या, अन् ते मुडदं वाढून राह्यलं," गयाबाई म्हणायच्या.

मग एका सकाळी त्या लुगडं खोचून सरळ तळ्यात उतरल्या. दुपारपर्यंत अर्धं पाणी मोकळं झालं, काठावर हा ढीग! नेमके तेव्हाच अध्यक्ष पाहुण्यांना बाग दाखवायला आले.

"हे कोणी सांगितलं?"

माझ्यात आयुष्यात पहिल्यांदाच शौर्य संचारलं. "मी सांगितलं, सर."

"खोटं!" कंबरभर पाण्यातून गयाबाई ओरडल्या. "मॅडम बिलकुल न्हाई म्हणल्या. म्याच काढलं, माझ्या मनानं. साहेब, फूल चांगलं हाय तुमचं, पर लई खादाड. तुमच्या घरच्या हौदात ठिवा."

एक पाहुणा खो खो हसला. तिथंच घात झाला. संध्याकाळी गयाबाईंना उद्यापासून येऊ नका असा निरोप मिळाला. मी प्राचार्यांशी भांडले, पण ते छताकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी गयाबाई आपला विळा न्यायला आल्या. मी माफी मागता मागता रडू लागले.

"रडता काय? अर्धं तळं ऱ्हायलंय. नुसतं वढायचं न्हाई, बुडाला हात घालायचा. तुकडा ऱ्हायला की बाळंत होतंय ते."

एवढं बोलून त्या बस गाठायला निघून गेल्या. मी चपला काढल्या, साडी खोचली आणि उतरले. दुसऱ्याच पावलाला चिखलात बसकण मारली. खिडक्याखिडक्यांतून हसू फुटलं. थोड्या वेळानं तिसऱ्या वर्षाच्या सहा मुली सलवारी दुमडून माझ्यामागे उतरल्या. तिसऱ्या दिवशी अध्यक्ष आले, काठावर थांबले. मी मान वर न करता पुढच्या रोपाच्या बुडाला हात घातला. ते आल्या पावली परत गेले.

तळं मोकळं झालं. गयाबाईंना परत घ्या म्हणून मी पुन्हा भांडले, कोणी ऐकलं नाही. शेवटी फोन करून त्यांना तसं सांगितलं.

"जाऊ द्या मंग," त्या म्हणाल्या. "तिथं आता तुमी हायेत ना."