हार्पवरची हळद

जालन्याची एसटी जाफराबादच्या स्टँडवर आली तशी अण्णांनी खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली. पोरगी आयर्लंडला निघाली असली तरी जालन्यापर्यंत तिला बसायला मिळालं पाहिजे, एवढंच त्यांच्या हातात होतं आणि ते त्यांनी चोख केलं. "मागं पाहू नको, गाडी लागती तुला," म्हणाले. आई खिडकीचा गज धरून उभी होती. ती रडली नाही. "बाकी काय बी सोड, गाणं सोडू नको," एवढंच बोलली आणि गाडी हलल्यावरच तिनं गज सोडला.

गाणं मी सोडलं नाही. गॉलवे नावाच्या या समुद्रकाठच्या शहरात आठवडाभर ऑफिस करते आणि शनिवारी मुलांना सरगम शिकवते. शाळेत असताना शास्त्रीय गाण्याच्या क्लासला जालन्याला जायचे, तेव्हा एसटीतच पलटे घोकायचे. एकदा कंडक्टरनं काळजीनं विचारलं होतं, "बाई, तब्येत बराबर हाय ना?" इथल्या बसमध्ये अख्खा बडा ख्याल गुणगुणला तरी कोणी मान वर करत नाही. सुरुवातीला मला त्याचं फार अप्रूप वाटलं. आता कधीकधी त्या कंडक्टरची आठवण येते. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हे समजावून सांगायला नको.

नोरा इथंच भेटली. ती हार्प वाजवते. खांद्याला टेकवून दोन्ही हातांनी छेडायचं हे उभ्या तारांचं वाद्य. तार सोडली तरी सूर तंबोऱ्यासारखा मागं रेंगाळतो. नुसता गळा आणि हार्प, एवढ्यावर एक रेकॉर्डिंग करायचं आम्ही ठरवलं. काही बंदिशी घेतल्या आणि एक हळदीचं गाणं घेतलं. ते माझ्या आईचं.

आमच्याकडे हळद म्हटली की आई हवीच असायची. आजूबाजूच्या गावांतून तिला न्यायला जीप यायची. हळद कोणी दळली, पाणी कोणी आणलं, मांडव कोणी घातला, असं एकेक कडवं, आणि प्रत्येक कडव्यात घरातल्या एकेकाचं नाव गुंफायचं. नाव राहिलं की ते माणूस रुसतं, पंगतीला बसत नाही आणि मग निम्मं वऱ्हाड त्याच्या मनधरणीला. तालुक्यातल्या कितीतरी मुलींची हळद आईनं गायली. माझं लग्न मात्र इथंच, नोंदणी कचेरीत, जाड कोट घालून झालं, कारण आम्हा दोघांनाही रजा नव्हती. "तुझी हळद तेवढी राह्यली," हे वाक्य तेव्हापासून आईच्या प्रत्येक फोनच्या शेवटी येतं.

गाणं बसवताना मी नावं काढून टाकली. घ्यायची तरी कोणाची? त्या जागी आलाप ठेवले, नोरानं त्याखाली हलक्या हातानं तारा छेडल्या. फार देखणं झालं. स्टुडिओतला माणूसही डोळे मिटून ऐकत होता. मी मोठ्या तोऱ्यात ते आईला फोनवर ऐकवलं.

"गळा लई चांगला लागला," आई म्हणाली. "पण हळद कोणाची हाय?"

"कोणाचीच नाही गं. नुसतं गाणं आहे."

"मंग दळली कशाला?"

मला राग आला. दोन दिवस मी धुसफुसत होते, कारण तिचं बरोबर होतं. मग ठरवलं, ही हळद माझीच असेल आणि गाणं पुन्हा होईल. स्टुडिओवाला म्हणाला, काम संपलंय, आणि ती नावं इथं कोणाला कळणार? मी म्हटलं, ज्यांची आहेत त्यांना कळतील. हट्टीपणात मी अण्णांवर गेलेय.

आईनं फोनवर मानपानाप्रमाणे एकेक नाव सांगितलं. नवरीच्या कडव्याशी येऊन ती थांबली. "हे तुला गाता येणार न्हाई. नवरी आपल्या हळदीत गात नसती. गप पाटावर बसती."

"मग ते तू गा."

"माहा गळा बिलकुल गेला, बाई. घशाच्या ऑपरेशनपासून म्या हळदीला जाणं बी सोडलं."

ती नाही म्हणत राहिली आणि मी फोन ठेवला नाही. शेवटी भावानं पंखा बंद करून तिचं ते कडवं मोबाइलवर घेतलं आणि पाठवलं. आवाज फाटलेला, माझ्या सुरापेक्षा पुष्कळ खाली. तो मशीनवर वर चढवता येईल, असं स्टुडिओवाल्यानं सुचवलं. नोरा नको म्हणाली. तिनं हार्प जवळ ओढलं आणि एकेक तार आईच्या सुराला उतरवत गेली. त्या खालच्या पट्टीत मला गाणं जड गेलं, माझ्या तानांची सगळी मिजास उतरली. पण नवरीच्या नावाशी आईचा आवाज आला तेव्हा मी माइकसमोर गप्प उभी राहिले, नवरीनं राहावं तशी. मी रडले, ते लपवण्यात अर्थ नाही. माझी हळद झाली.

मागच्या रविवारी भावानं घरी सगळ्यांना जेवायला बोलावून ते ऐकवलं. आपलं नाव आलं तसे अण्णा उठून अंगणात गेले म्हणे. संध्याकाळी आईचा फोन आला, आवाज एकदम पडलेला.

"घोळ झाला गं. बदनापूरच्या आत्याचं नाव सांगायचं म्या विसरून गेल्ते. वाढलेल्या ताटावरून उठून गेली. आता कोणाचंच ऐकून न्हाई राह्यली."

मी पोट धरून हसले. घर कुठलं, असं कोणी विचारलं तर आता मला पटकन पत्ता सांगता येत नाही. इथलं दार माझ्या किल्लीनं उघडतं, तिथल्या माझ्या खोलीत भावाची मुलं अभ्यास करतात. पण माझ्या हळदीत नाव राहिलं म्हणून जिथं कोणीतरी ताटावरून उठतं, तिथं माझं घर आहे, याची मला खात्री आहे. मी लगेच नोराला फोन लावला.

आत्या, हार्पच्या तारा पुन्हा उतरवून काल तुझं कडवं गायलं. हळद तूच दळलीस, असं त्यात आहे. आता आईकडे जा आणि जेवून ये.