गाडी लागली का?

निमगाव साव्यातल्या माझ्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात सोपानचा पुतण्या धापा टाकत आला. "शेठ, आप्पा गेले..." महिना होत आला, पण शटरला हात लावला की अजून ते शब्द कानात येतात. मग दिवसभर कशातच जीव लागत नाही.

आप्पा म्हणजे सोपान. मी टोमॅटोचा व्यापारी होतो, तेव्हा तो माझ्या ट्रकवर ड्रायव्हर होता. निम्मा जन्म आम्ही बरोबर काढला. पुढे त्याचं स्टेअरिंग सुटलं, पण मुलगा संदीप अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रक चालवू लागला. मग काय, टोलेडो, डेटन, कोलंबस ही नावं आमच्या दुकानात मंचर-घोडेगावसारखी घेतली जाऊ लागली. संदीप तिकडे रात्री गाडी उभी करून फोन करायचा, तेव्हा आपल्याकडे सकाळ असायची. "गाडी लागली का?" माझ्या दुकानात येऊन बसलेला सोपान एवढंच विचारायचा. "लागली" ऐकल्याशिवाय चहाला तोंड लावायचा नाही.

"अरे, चहा काय टोलेडोहून यायचाय?" मी चिडवायचो.

"हसू नका शेठ. तिकडं घाटच न्हाई. लई सपाट रस्ता. पोराला झोप लागंल..."

त्याचे वडील वारले तेव्हा तो माल घेऊन इंदूरच्या वाटेवर होता. गाडी खाली होईपर्यंत मी त्याला कळवू दिलं नाही. त्याची भावकी माझ्यावर उखडली. परत आल्यावर सोपानच म्हणाला, "बरं केलंत. डोळ्यांत पानी आल्यावर म्होरचा रस्ता कसा दिसनार?"

त्या सकाळी तेच माझ्या डोक्यात बसलं. संदीप अजून रस्त्यावर होता. सोपानच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोला, वहिनींना विचारून मी सोपानचा फोन खिशात घातला आणि आळीतल्या पोरांना दम भरला, "श्रद्धांजलीचं स्टेटस कुणी टाकलं तर याद राखा!" हल्ली माणसाला आंघोळ घालायच्या आत त्याचा फोटो सगळीकडे फिरतो. तरी एकाने टाकलंच होतं. ते समोर उभं राहून काढायला लावलं. मग ओट्यावर बसून राहिलो. आत बायका रडत होत्या. इतकं थकल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

अखेर फोन वाजला.

"गाडी लागली का?" मी विचारलं.

"लागली, काका... पण तुमी कसं काय? आप्पा कुठं हायेत?"

"इंजिन बंद केलंस?"

फोनमधली इंजिनची घरघर थांबली. मग तो म्हणाला, "केलं. सांगा, काका."

मी सांगितलं.

त्याला अंत्यविधीला पोचणं शक्यच नव्हतं. आता तो रोज सकाळी मला फोन करतो. मी तसं सांगितलेलं नाही. "काका, लागली," एवढंच म्हणतो आणि ठेवतो. काल फोनला उशीर झाला. बायको म्हणाली, "चहा पार निवला, परत गरम करू का?"

म्हटलं, "थांब जरा. संदीपची गाडी अजून लागली नाही."