आई हिरवी, आई गुलाबी

माझं डोकं लवकर तापतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण एका प्रिंटरने मला त्या उन्हाळ्यात जितकं नाचवलं, तितकं सासरच्या कुणीही नाचवलेलं नाही.

प्रिंटर जळगावला माझ्या घरी, टीव्हीशेजारी. साधा, शाईच्या टाक्यांचा, मुलीच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला. फोटो आईचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला, धुळ्यात पांझरेच्या काठी, सायकलचं हँडल धरून ती मान मागे टाकून हसतेय. काढलेला नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. धुळ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. अंधाऱ्या खोलीत प्रिंट स्वतः काढायचे आणि पसंत पडली नाही की फाडायचे. लहानपणी हट्टाने मी काढलेली एक प्रिंटही त्यांनी माझ्यासमोर टर्रकन फाडली होती. "काळं काळं नही, धवळं धवळं नही," एवढंच म्हणाले होते.

म्हणून आईच्या फोटोची निगेटिव्ह मी स्कॅन करून घेतली. घरच्या प्रिंटरवर असा काळा-पांढरा फोटो काढायचा की नाना बघतील आणि म्हणतील, जमलं. बस, एवढंच हवं होतं मला. पन्नाशीच्या बाईने असा हट्ट धरावा का? धरला बुवा.

पहिली प्रिंट घेऊन एसटीने धुळ्याला गेले. नानांनी ती दारापाशी उजेडात नेली, हात लांब करून धरली.

"नही माय. हिरवी शे."

"हिरवी? अहो नाना, काळा-पांढरा फोटो आहे!"

"शे ना. पन हिरवा."

मी आईकडे बघितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "माले हिरवा रंग शोभस."

शेजारी कोरा कागद धरून बघितलं, तर खरंच की! आईच्या गालांवर शेवाळ. घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा कळलं, करडा रंग काढायला हा बाबा निळी, गुलाबी, पिवळी अशा सगळ्या शाया मिसळतो, आणि माप जरा चुकलं की त्यातली एखादी डोकं वर काढते. बरं, नुसत्या काळ्या शाईने काढावं, तर गालांवर खसखस सांडल्यासारखे ठिपके. मग मिश्रणच सुधारायला बसले. सेटिंगमध्ये हिरवा एक घर कमी करायचा, प्रिंट काढायची, सुकवायची, अंगणात नेऊन बघायची. अजून हिरवी. आणखी एक घर. तरी हिरवीच! कागद संपत आले, गुलाबी शाई तळाला गेली. शेवटी एकदाची अंगणातून ओरडले, "जमलं!" शेजारच्या काकू घाबरून बाहेर आल्या.

धुळ्याला नानांनी ती प्रिंट हातात घेतली आणि हसत सुटले. इतके, की खुर्ची धरावी लागली. आई गुलाबी! सरबतातून काढल्यासारखी गुलाबी.

"मी बाहेर उजेडात बघून आणलीय," मी तावातावाने म्हटलं.

"कोठे?"

"अंगणात."

"अंगनवर काय बांधेल शे?"

उन्हाळ्यात जळगावात अंगण उघडं कोण ठेवतं? आमच्याकडे होळीपासून हिरवी जाळी ताणलेली असते. तिच्याखाली पांढरी गायसुद्धा हिरवी दिसेल, आणि मी शहाणी तिथे उभी राहून फोटोतला हिरवा काढत होते! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण त्याआधी हसूच फुटलं. आईने दोघांना पाणी आणून दिलं. "येडं शे बठ्ठं घर," तिने सगळ्या घरालाच वेड्यात काढलं.

मग मात्र शिस्तीत काम सुरू केलं. गच्चीवर, मोकळ्या उजेडात, शेजारी कोरा कागद. तिथे बघायचं, मग घरात ट्यूबलाइटखाली बघायचं. चिमूटभर इकडे, चिमूटभर तिकडे. आणि एका सकाळी कागदावर नुसता करडा उतरला. नदी करडी, सायकल काळी, आईचे दात पांढरे. मुलीने बघितली, काकूंनी बघितली, कुणालाच त्यात रंग सापडेना. मी गच्चीवर चक्क गिरकी घेतली, या वयात, या गुडघ्यांनी.

तेवढ्यात नानांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत मी कसाबसा दम धरला, मग प्रिंट घेऊन गेले. नानांनी काळा चष्मा काढला, दारापाशी गेले, हात लांब केला.

"निळी शे."

झालं! माझा पारा चढला. "नाना, पुरे! फाडा आणि मोकळे व्हा. तुम्हाला माझं काही पसंत पडायचंच नाहीये कधी!"

दारातली तिरीप नानांच्या डोळ्यावर आली, म्हणून त्यांनी उजवा डोळा तळहाताने झाकला आणि तसेच थबकले. "पिवळी," ते म्हणाले. मग डावा झाकला. "निळी." पुन्हा उजवा. "आरे, भिंतबी पिवळी!" ऑपरेशन न झालेला डावा डोळा सगळं पिवळट दाखवत होता आणि नवा उजवा एकदम लख्ख. दोन डोळ्यांचं आपसात पटत नव्हतं. नानांनी मग आईला उभं करून तिची पांढरी वेणी तपासली, एकदा या डोळ्याने, एकदा त्या. आई लाजून लाल.

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. स्टुडिओ बंद होईपर्यंतची शेवटची वर्षं त्यांनी असल्याच पिवळ्या डोळ्यांनी लग्नाच्या फोटोंचे रंग जुळवले होते.

"पिवळं कमी करी करी बठ्ठा नवरदेव निळा करी टाकात मी!" ते ओरडले. "अन कोनी बोलनं नही!"

आम्ही तिघं पोट धरधरून हसलो. आई तर खालीच बसली. हसता हसता नाना थांबले. प्रिंट माझ्यासमोर धरून म्हणाले, "माले आते समजत नही. तूच सांग, माय. जमनं का?"

मी प्रिंट घेतली, दारापाशी नेली, हात लांब केला. मला ज्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, तेच माझ्याकडे बघत उभे होते.

"जमलं, नाना."

त्यांनी पुन्हा बघायला मागितली नाही. आत गेले आणि खिळा-हातोडी घेऊन आले.