भाताचा एक घास

पोटावरची चरबी उतरवायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मी भाताला शिवलो नाही. शेवटचा दीड महिना तिकडे गावी आईनंही भात सोडला होता, आणि तो माझ्यामुळे. हे मला वेळेत कळलं होतं. तिचा उपास सोडवणं माझ्या हातात होतं, एका घासाचं काम होतं. तरी मी ते केलं नाही.

माझं गाव पार पूर्वेला, भाताच्या मुलखात. नाशिक रोडला गाडीत बसलं की नागपूर, तिथून एसटी, मग दुसरी एसटी. आठवीत शाळा सुटली, पुढे कुणाच्या तरी ओळखीनं नाशिकला, अंबडच्या एका कंपनीत कंत्राटावर लागलो. कंत्राट संपलं तेव्हा सातपूरच्या एका जिमच्या मालकांनी ठेवून घेतलं. त्यांना सगळे सर म्हणायचे, मीही म्हणायचो. आधी झाडलोट केली, मशिनी पुसल्या. वरच्या खोलीत राहायला जागा दिली. मोकळ्या वेळात व्यायाम कर म्हणाले, आणि स्वतः उभं राहून शिकवलं. माझ्यासाठी इतकं कुणी केलं नव्हतं. म्हणूनच भीती वाटायची, की एखाद्या दिवशी काहीतरी चुकेल आणि हे सगळं जाईल.

नवी शाखा निघणार होती. तिथं मला ट्रेनर करायचं सरांच्या मनात होतं.

मी म्हटलं, "सर, मी आठवी. लोक विचारतील."

"ट्रेनरला मार्कशीट कोण मागतं रे? पोट दाखव. पोट हीच तुझी मार्कशीट." मग बोट रोखून म्हणाले, "नव्या शाखेच्या बॅनरवर तुझा फोटो. पण तोवर भाताचं एक शीत पोटात जाता कामा नये."

ते मी मनात कोरून घेतलं. सकाळी पांडवलेण्याच्या पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, परत चढायच्या. अंड्याचा पांढरा भाग, उकडलेलं चिकन, काकडी, ज्वारीची अर्धी भाकरी. दुपारी हातपाय थरथरायचे. जिमला येणारे एक घोटीचे भाऊ तांदळाच्या धंद्यातले. ते हसायचे, "भाताच्या देशातला माणूस आणि भात सोडला! आमच्या बाजारात सांगू नको भो, दुकानं बंद पडतील आमची." मीही हसायचो. भूक मला नवी नव्हती, पण समोर अन्न असताना उपाशी राहणं नवं होतं.

अडीच महिन्यांनी पोटावर रेघा दिसायला लागल्या. आरशापुढे शर्ट वर करून फोटो काढला आणि ताईच्या फोनवर पाठवला. आई तिच्याकडेच बसलेली असते. वाटलं, बघून खूश होईल.

ताई मागून म्हणाली, आईनं फोटो बघितला आणि फोन पालथा ठेवून दिला.

बाबा टीबीनं गेले. शेवटी त्यांचं पोट असंच खपाटीला गेलं होतं, बरगड्या मोजता यायच्या, कातडीवर अशाच रेघा. मी तेव्हा लहान होतो, मला नीट आठवत नाही. आईनं तर रोज त्यांचं अंग पुसून दिलं होतं. फोटो पाठवताना हे माझ्या डोक्यात आलंच नाही. दुसऱ्याच दिवशी ती गावच्या देवीला, माता मायला, नवस बोलून आली, की पोरगा अंगानं भरेपर्यंत मी भात खाणार नाही. आमच्याकडे भात सोडला तर राहतं काय? आंबील आणि पालेभाजी. वर भाताच्या रोवणीचे दिवस. सकाळपासून लोकांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, वाकून चिखलात उभं राहायचं.

बॅनरच्या फोटोला पंधरा दिवस उरले असताना ताईनं हे सांगितलं. मी लगेच आईशी बोललो.

"मला काही रोग नाही आई. हे मुद्दाम केलंय."

"मुद्दाम उपाशी राहाते का कोनी? काऊन रे बाबू, तिथं तुले जेवाले नाही भेटत का?"

"भेटते. नोकरीसाठी करतो आहे. इथं असंच पोट लागते."

"बरं. मंग एक काम कर. फोनवर मले दिसू दे, आन् माह्यासमोर भाताचा एक घास खा. एकच. मी तवाच माता मायले सांगून सोडतो."

एक घास. खाली मेसमध्ये भात शिजलेला होता, वास जिन्यापर्यंत येत होता. आणि मला सरांचं बोट दिसलं. एक शीत नाही म्हणाले होते. मी म्हटलं, "आई, पंधरा दिवस थांब. मग ताटभर खातो."

"हाव. मंग मी बी थांबतो," ती म्हणाली. रागावली नाही.

फोटोच्या दिवशी आदल्या सकाळपासून पाणी तोडलं होतं. ओठ उलले होते. पण पोट असं दिसलं की फोटोग्राफरही म्हणाला, "लय भारी." सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. घोटीच्या भाऊंनी पेढे वाटले, मला मात्र दिला नाही, म्हणाले तुला उद्या.

संध्याकाळी ताईचा फोन आला. आई चार दिवसांपूर्वी बांधीत चक्कर येऊन धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. "तुझा फोटो होईपर्यंत सांगू नको म्हणाली," ताई रडत होती.

सरांकडे सुट्टी मागताना सगळं सांगावं लागलं. ते खुर्चीत बसले. "अरे वेड्या, एका घासानं काय होतं? मी आपलं बोलायला बोललो. विचारायचंस ना मला." त्यांनीच तिकीट काढून दिलं. आता मी स्वतः लोकांना शिकवतो, आणि मलाही कळतं, एका घासानं खरंच काही होत नाही. पांडवलेण्याच्या दोनचार पायऱ्यांत तो जिरतो.

घरी पोचलो तेव्हा आई खाटेवर होती. मी समोर बसून भात आणि वरण खाल्लं. तिनं एकेक घास बघितला, मग स्वतः खाल्ला. चार महिन्यांनी पोटात भात गेलेला, मला सोसला नाही. अंगणात जाऊन ओकलो. आतून ती ताईला म्हणाली, "पाय, म्हनत नव्हतो? रोगच होता."

महिनाभर राहिलो. गाल भरले, पोटावरच्या रेघा बुजल्या. सरांनी नव्या शाखेतली जागा तशीच ठेवली होती, ती मला मिळाली. आईचा खुबा मात्र नीट बसला नाही. काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत येते, बांधी संपली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, माता मायनं पाय घेतला, पण पोरगा देल्ला. ते बोलताना तिचा चेहरा उजळतो, असं ताई सांगते. मी एकदा खरं सांगायला गेलो होतो. पण मग तिचा पाय कशासाठी गेला, हे कसं सांगणार?

दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. ती म्हणते, "शर्ट वर कर, पोट पाहू दे."

ट्रेनर आहे, पोटावर रेघा ठेवाव्याच लागतात. मी फोन जरा लांब धरतो, छातीभर श्वास घेतो आणि पोट जमेल तेवढं बाहेर फुगवतो. ती डोळे बारीक करून बघत राहते. मी श्वास सोडत नाही, ती "भरला हो बाबू" म्हणेपर्यंत.