दुसऱ्या भागात ताईला जागा नाही

आम्ही खेळतो त्या बंदुकीच्या गेमचा दुसरा भाग आलाय. घेऊ नका.

माझी ताई आगाशीला राहते. दर रविवारी जेवण आटोपून ती बोळिंजला आमच्याकडे येते आणि आम्ही दोघं टीव्हीसमोर बसतो. पहिल्या भागात स्क्रीनचे दोन भाग व्हायचे. वरचा माझा, खालचा तिचा. एक जण पडला की दुसऱ्याने गोळ्या चुकवत जाऊन त्याला उठवायचं. ताईचा नेम वाईट, पण मला उठवायला ती दर वेळी यायची.

आज नवा भाग लावला, दोन्ही कंट्रोलर जोडले. धूर, पाणी, सावल्या, सगळं पहिल्यापेक्षा देखणं.

"अरे, माझा अर्धा कुठाय? की मला गेटवरच अडवलं?" ताईने विचारलं.

मी सगळे मेनू उघडून पाहिले. तिचा अर्धा नव्हताच. दोघांना खेळायचं तर इंटरनेटवरूनच, म्हणजे दोन घरं, दोन टीव्ही हवेत. एकट्याच्या सोबतीला कंपनीने आपोआप खेळणारा एक सैनिक दिलाय. त्याचा नेम अचूक आहे.

"तू खेळ, मी बघते," ताई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्यापेक्षा बरा खेळतो रे तो." मग चहा न घेताच निघाली.

ज्याने ही सुधारणा केली, त्याच्या घरी कुणी येत नसावं.

चूक माझीही आहे. नव्यात जुनं सगळं असणारच, असं धरून मी पहिल्या भागाची डिस्क दुकानात बदल्यात देऊन आलो. तुमच्यापैकी कुणाकडे आहे का? दुसरा भाग खुशाल घेऊन जा. मला पहिला पुढच्या रविवारच्या आत हवाय.